लोंढा कोणाला म्हणावे?

मराठीला उसळण्याच्या शब्दांची वाण नाही. समुद्राला उधाण येते, दुधाला ऊत येतो, दुःखाचा उमाळा येतो, बाजारभाव उसळी घेतात. आणि पूर आलेल्या नदीचा येतो तो लोंढा. कोंकणी भगिनी 'ल्हार' म्हणते ती समुद्राची. आम्हां मुसीकाठच्यांच्या वाट्याला ती कोठली? परंतु अलीकडे मराठी वृत्तपत्रांतून 'परप्रांतीयांचे लोंढे' बेधडक वाहत असतात, आणि वाचणाऱ्याला त्यांत काही खटकतही नाही.

आम्हांला खटकते. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीचा लोंढा ह्या शहरात शिरला आणि हजारो माणसे बुडाली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेवर चढून सुमारे दीडशे जीव तेवढे वाचले. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यावरून उस्मानसागर व हिमायतसागर बांधण्यात आले. लोंढ्याच्या बाबतीत शहाणपणाचे काम एवढेच : बांध घालणे. माणसांना लोंढा म्हणणारा तेच सुचवीत असतो. उघड बोलण्याचे धैर्य मात्र त्याला नसते.

शिवाय, लोंढ्याला चेहरे नसतात. विवेकवर्धिनीच्या उभारणीला हात लावणारे केशवराव कोरटकर मराठवाड्यातूनच येथे आले. त्यांच्यामागून शिक्षणासाठी, चाकरीसाठी आलेले आमचे वाडवडील कोणत्या गणतीत धरावयाचे? मुंबईच्या संपादकमहाशयांनी एकदा हैदराबादेस यावे आणि येथील मराठी घरांच्या दारांत उभे राहून हा शब्द मोठ्याने उच्चारून दाखवावा.