पहिल्या अल्बमवर निकाल लागत नाही

दोन रॅपरांमध्ये वैर असलं की त्यांचे पहिले अल्बम समोरासमोर ठेवायचे, सरस कोण ते ठरवायचं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या यशापयशाचा अर्थ त्याच निकालातून लावायचा. न्यूयॉर्कमधल्या वादांत रुळलेली ही रीत आता आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या पोट्ट्यांच्या गप्पांतही मुरली आहे. डिव्हाईन मोठा की एमिवे बंटाय, एमिवे मोठा की एमसी स्टॅन, यावर आमच्याकडची मुलं तावातावाने भांडतात. त्यांनी जरूर भांडावं. गाण्यावरून भांडणारी पिढी मला आवडते. माझा आक्षेप त्यांच्या मापाला आहे. पहिला अल्बम आणि दीर्घकाळचं यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा निकाल लावणं साफ चूक आहे आणि या चुकीची किंमत नव्याने लिहू-गाऊ पाहणारी आपलीच मुलं मोजतात.

समोरच्यांची बाजू आधी नीट मांडतो. ते म्हणतात, पहिल्या अल्बममागे कलावंताचं तोवरचं अख्खं आयुष्य उभं असतं, दुसऱ्यामागे जेमतेम दीड-दोन वर्षं. पहिल्या वेळी खिशात पैसा नसतो, चाहते काय म्हणतील याची धास्ती नसते, म्हणून माणूस खरा कळतो तो तिथेच. शिवाय दोघांनी सुरुवात एकाच रेघेवरून केलेली असते, तेव्हा शर्यत न्यायाची. यातून दोन तट पडतात. पहिला तट म्हणतो, ज्याचा पहिला अल्बम श्रेष्ठ तोच खरा मोठा, पुढचा सगळा बाजार. दुसरा म्हणतो, जो शेवटी पुढे निघून गेला त्याचाच पहिला अल्बम श्रेष्ठ, काळानेच तसा कौल दिला. हे दोन तट एकमेकांचे कट्टर विरोधक, पण दोघांचं गृहीतक एकच: सुरुवात आणि शेवट एकाच काट्यावर तोलता येतात. ते गृहीतकच टिकत नाही.

या वादातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचे रॅपर नास आणि जे-झी यांचं. नासचा ‘इलमॅटिक’ एप्रिल 1994 मध्ये आला, जे-झीचा ‘रीझनेबल डाउट’ जून 1996 मध्ये. त्या वेळी नास 20 वर्षांचा होता आणि जे-झी 26 वर्षांचा. नासच्या पाठीशी कोलंबिया रेकॉर्ड्ससारखी बलाढ्य कंपनी होती आणि डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप यांच्यासारखे त्या काळातले नामांकित संगीतकार त्याच्या एकाच अल्बमवर काम करत होते. जे-झीला मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नव्हतं. त्याने दोन साथीदारांबरोबर ‘रॉक-अ-फेला’ ही स्वतःची कंपनी काढली, तेव्हा कुठे अल्बम निघाला. एकाला विशीतच मोठं व्यासपीठ मिळालं, दुसऱ्याला सहा वर्षं जास्त जगून स्वतःचं व्यासपीठ बांधावं लागलं. मग ती एकच रेघ कुठे आहे?

आता यशाचं बघू. आज दोन्ही अल्बम अभिजात मानले जातात, म्हणून ते आल्या दिवशीच गाजले असतील असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ‘इलमॅटिक’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 12 व्या क्रमांकापुढे गेला नाही आणि ‘रीझनेबल डाउट’ 23 व्या. ‘इलमॅटिक’ला दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळायला 2001 साल उजाडावं लागलं. त्यांची थोरवी ऐकणाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षं ऐकून घडवली. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची राष्ट्रीय नोंद ठेवते. त्या नोंदीत नासचा ‘इलमॅटिक’ आहे, म्हणजे पहिला अल्बम. जे-झीचा आहे तो 2001 चा ‘द ब्लूप्रिंट’, म्हणजे सहावा. एकाचं शिखर पहिल्या पायरीवर, दुसऱ्याचं सहाव्या. आणि ज्याचं शिखर पहिल्याच पायरीवर आलं त्या नासला पहिलं ग्रॅमी मिळालं 2021 मध्ये, ‘इलमॅटिक’नंतर 27 वर्षांनी, ‘किंग्ज डिझीझ’ या भलत्याच अल्बमसाठी. या दोन आयुष्यांतून पहिल्या अल्बमविषयीचा कोणता नियम निघतो? एकही नाही.

त्याहून महत्त्वाचा पुरावा ‘रीझनेबल डाउट’च्या पोटातच आहे. त्यातल्या ‘डेड प्रेसिडेंट्स II’ या गाण्याचं ध्रुपद कान देऊन ऐका. तिथे पुन्हा पुन्हा येणारा आवाज जे-झीचा नाही, नासचा आहे. ‘इलमॅटिक’मधल्या ‘द वर्ल्ड इज युवर्स’ या गाण्यातून उचलून इथे बसवलेला. जे-झी कडवं म्हणतो, थांबतो, आणि त्या थांब्यावर दोन वर्षं आधीचा नास येऊन गाणं पुढे नेतो. ज्याला आपण प्रतिस्पर्धी म्हणतो त्याच्या पहिल्या अल्बमची वीट दुसऱ्याच्या पहिल्या अल्बमच्या पायात आहे. या दोन इमारती वेगवेगळ्या उभ्या करून उंची मोजणारा माणूस मुळात त्या कशा बांधल्या गेल्या हेच पाहत नाही.

आपल्याकडे तर ‘पहिला अल्बम’ ही मोजपट्टी आणखीच कुचकामी ठरते. डिव्हाईनचं ‘ये मेरा बॉम्बे’ हे गाणं 2013 चं, मुंबईचाच रॅपर नेझी याचं ‘आफत’ 2014 चं, दोघांचं मिळून ‘मेरे गली में’ 2015 चं. डिव्हाईनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ मात्र आला ऑक्टोबर 2019 मध्ये आणि नेझीचा ‘मग़रिब’ त्याच्याही नंतर. मधल्या काळात, फेब्रुवारी 2019 मध्ये, या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट देशभर झळकून गेला होता. म्हणजे ‘पहिला’ अल्बम हाती आला तेव्हा हे दोघे नवखे राहिलेच नव्हते. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन 2020 मध्ये ‘तडीपार’ घेऊन आला तो विशीत. एमिवेने तर अल्बमचा नाद न करता वर्षानुवर्षं यूट्यूबवर एकेक गाणं टाकूनच आपला श्रोता जमवला आणि 2019 चा एमटीव्ही युरोपचा भारतासाठीचा पुरस्कारही त्याच बळावर मिळवला. या चौघांचे पहिले अल्बम एका ओळीत मांडून कोण खरा ते ठरवायचं, तर नेझीचं ‘आफत’ हिशेबातून गळतं. घरच्या आयपॅडवर आवाज मुद्रित करून, त्याच आयपॅडवर कुर्ल्याच्या गल्ल्यांत चित्रण करून एका पोराने ते गाणं सोडलं आणि मुंबईतल्या कितीतरी मुलांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. माझ्या मते मुंबईच्या रॅपमधली ती सगळ्यात धक्कादायक सुरुवात. तिच्यावर ‘अल्बम’ असा शिक्का नाही म्हणून ती मोजायची नाही, हा कुठला न्याय?

दीर्घकाळचं यश श्रेष्ठतेचा दाखला मानणाऱ्या दुसऱ्या तटाचं उत्तर आमच्या मातीतच आहे. सिंदेवाहीला लागून नागभीड तालुका. तिथल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बियाणं वर्षानुवर्षं निवडत नेलं आणि एचएमटी हा वाण उभा केला. तो राज्याच्या सीमा ओलांडून गेला, कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात पैसा आला. दादाजींच्या हाती मात्र त्यातलं फारसं काही लागलं नाही. उतारवयात उपचारांसाठी मदतीची वाट पाहत 2018 मध्ये ते गेले. धनी गरीब राहिला म्हणून एचएमटी हलका धान ठरतो का? सिंदेवाहीचा एकही शेतकरी असं म्हणणार नाही. मग रॅपरच्या बाबतीत आपण पैसा, गाड्या आणि व्ह्यूज पाहून त्याच्या पहिल्या गाण्यांचा दर्जा कसा ठरवतो? जे-झीची श्रीमंती आली ती कंपनी, करार आणि मालकी यांतून. एमसी स्टॅनचं नाव घराघरांत गेलं ते फेब्रुवारी 2023 मध्ये ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम जिंकल्यावर. यात गैर काहीच नाही. पण ‘तडीपार’ चांगला की वाईट, हे त्या विजयावरून कळत नाही.

पहिल्या तटालाही मोकळं सोडता येत नाही. पैसा मिळवला की कलावंत बाटला, हे त्यांचं म्हणणं ऐकायला उदात्त वाटतं, पण ते कलावंताच्या मुळावर येतं. स्वतःच्या गाण्याची मालकी राखणं हे कलेच्या विरोधातलं काम नव्हे. जे-झीने स्वतःची कंपनी काढली नसती तर ‘रीझनेबल डाउट’ त्या रूपात निघालाच नसता. दादाजींच्या उदाहरणाचा हाही एक धडा आहे: गुण निर्विवाद असला तरी हक्क हातात नसेल तर गुणवानाचे हाल होतात. आमच्या मुलांना शुद्धतेच्या नावाखाली कफल्लक राहायला शिकवू नका.

पाडून झालं, आता उभं काय करायचं ते सांगतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एका भांड्यात, एका आचेवर शिजतो. कलावंताची पंचवीस वर्षं एका भांड्यात शिजत नाहीत. म्हणून माप वेगळं हवं, आणि ते आम्हाला बाहेरून आणण्याची गरज नाही. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीने ते कधीचंच घडवलं आहे.

दिवाळीनंतर धान कापून झालं की आमच्याकडे मंडई म्हणजे गावच्या जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि त्यासोबत रात्र रात्र चालणारी नाटकं सुरू होतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्यांचं मोठं केंद्र, आणि आमच्याच तालुक्यातल्या नवरगावलाही नाटकाची जुनी, भक्कम परंपरा आहे. मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो, पंचक्रोशीतली माणसं तिकीट काढून येतात, घोंगडी-चादर पांघरून पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवर नटाला कुणी पहिल्या प्रयोगाचे गुण विचारत नाही. गाव विचारतं, औंदा कोण येणार? मागल्या साली ज्याने रात्र जागवली, त्याला पुन्हा बोलावणं जातं. गडचिरोली जिल्ह्याचे डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती 5,000 च्या वर प्रयोग आणि 800 च्या आसपास भूमिकांसाठी. त्यातली पहिली भूमिका कोणती आणि ती कशी वठली, याने त्यांच्या थोरवीत काही कमी-जास्त होत नाही. त्यांना मोठं केलं ते गावागावांतून दरसाल येणाऱ्या बोलावण्याने. हे माझं पहिलं माप: लोकांसमोर गाणं किती वर्षं उभं राहतं आणि गाणारा दरवेळी नवं काय घेऊन येतो.

दुसरं माप खडी गंमत या आमच्याकडच्या लोककलेतून घेतो. तिथे दोन शाहीर समोरासमोर उभे ठाकतात, एक सवाल टाकतो, दुसरा जवाब देतो. ऐकणाऱ्याला खरी मेजवानी मिळते ती दोघांच्या झटापटीतून. सवाल जितका अवघड तितका जवाब बांधेसूद. रॅपरांच्या वैराकडे असं पाहायला हवं. 2001 मध्ये जे-झीने ‘टेकओव्हर’मधून नासवर जाहीर घाव घातला, त्याच वर्षाच्या शेवटी नासने ‘ईथर’ने उत्तर दिलं. ते गाणं ज्या ‘स्टिलमॅटिक’वर आहे, त्या अल्बमने मरगळलेल्या नासला पुन्हा उभं केलं. 2005 मध्ये दोघे एका मंचावर आले, आणि पुढच्याच वर्षी जे-झी ज्या डेफ जॅम कंपनीचा प्रमुख होता तिच्याशी नासने करार केला. म्हणून वैऱ्याने कलावंताकडून कोणतं काम काढून घेतलं, हे विचारावं. एमिवे, डिव्हाईन, स्टॅन यांनी एकमेकांवर गाणी सोडली तेव्हा शिवी बाजूला ठेवून पाहा: यमक घट्ट झालं का, श्वास लांबला का, म्हणणं नेमकं झालं का?

तिसरं माप, मागून येणाऱ्यासाठी वाट किती रुंद झाली. नासच्या मास अपील कंपनीची भारतातली शाखा 2019 मध्ये सुरू झाली ती डिव्हाईनला सोबत घेऊन. डिव्हाईनने गली गँग ही कंपनी काढली, एमिवेने बंटाय रेकॉर्ड्स. मराठीत अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी विचार रॅपमधून मांडतो, महादेव कोळी समाजातली माही जी जंगल आणि आदिवासींच्या हक्कांवर गाते. ही वाट रुंद झाल्याची खूण.

यावर कुणी म्हणेल, मग सगळेच सारखे, तुलना करूच नये का? तुलना जरूर करा, फक्त सारख्याला सारखं लावा. लेखन म्हणून माझ्या मते ‘इलमॅटिक’ हा ‘रीझनेबल डाउट’पेक्षा सरस पहिला अल्बम आहे, दहाच ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत, आणि एकही ओळ भरतीची नाही. कारकीर्द म्हणून जे-झीचा पल्ला नासपेक्षा लांब आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत आणि एकाने दुसऱ्याचा पराभव होत नाही.

हे सगळं इतक्या जोराने सांगायचं कारण सिंदेवाहीत, मूलला, ब्रह्मपुरीला मोबाइलवर बीट लावून लिहिणारी मुलं आहेत. पहिल्याच गाण्यात तोड नसली तर आपण संपलो, ही भीती या खोट्या मापाने त्यांच्या मनात भरली आहे. त्यांच्यापैकी कित्येकांची पहिली वही म्हणून कधी बाहेरच येत नाही. त्यांना माझं सांगणं एवढंच: पहिलं गाणं कच्चं निघालं तर निघू द्या. झाडीबोलीत लिहा, वाघाच्या भीतीने सांजेलाच कुलूपबंद होणाऱ्या गावांवर लिहा, रोवणीच्या मजुरीवर लिहा. गाण्याचे हक्क कागद वाचल्याशिवाय कुणाला देऊ नका. औंदाच्या मंडईत दहा माणसांसमोर म्हणा, आणि पुढल्या साली नवं घेऊन परत त्याच मंडपात या.