सातपुड्याची आग पाड्यांच्या हाती द्या

फाल्गुनात यावल, चोपडा किंवा शिरपूरकडून रात्री सातपुड्याकडे पाहिलं की डोंगराच्या अंगावर लाल रेघ सरकताना दिसते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते, अज्ञात इसमाने आग लावल्याने वनसंपदा खाक. वनरक्षक म्हणून लागून मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीतले उन्हाळे या रेघेमागे गेले. त्या अनुभवावर सांगतो, हा इसम सहसा अज्ञात नसतो. तो मोह वेचणारा असतो, बांध पेटवणारा शेतकरी असतो, विडी ओढणारा गुराखी असतो, कधी जंगल मोडून शेत करू पाहणाराही असतो. या चौघांना एकाच कलमात बसवून आपण दीडशे वर्षं वणवा विझवतो आहोत. आग कधी, कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली लागेल हे ठरवायचं काम आता पाड्यांच्या ग्रामसभांकडे द्यायला हवं, आणि त्या कामाचा मोबदलाही.

आमचं जंगल पानझडीचं. साग, सलई, अंजन, धावडा, पळस. सागाची सुपाएवढी पानं पडून वाळली की पायाखाली कुरकुरतात. आमच्याकडचा वणवा परदेशातल्या चित्रांसारखा शेंड्यांवरून उड्या मारत येत नाही. तो पाचोळ्यातून, गवतातून, गुडघाभर उंचीनं सरकतो. अशी आग पाण्यानं कोणी विझवत नाही. डोंगरावर पाणी नेतात ते प्यायला. हिरव्या पाल्याची फांदी तोडायची आणि आगीच्या कडेवर ती दाबून जळलेल्या बाजूला ओढायची. उचलून धोपटली तर ठिणग्या उडून पाठीमागे दुसरी आग लागते. अलीकडे पाठीवरचे ब्लोअर आलेत, त्यानं पाचोळा उडवून पुढे मोकळा पट्टा करता येतो. फार मोठा उपयोग झाला त्याचा. तरी चढावर त्याचं वजन घेऊन चालणाऱ्याला विचारा.

चढावर आग पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नसतं. पण खालीही बेफिकीर राहता येत नाही. आमच्यातला एक जुना वनमजूर प्रत्येक नवख्या पोराला दम द्यायचा, “आग वर चढस, दगड खाले येस.” जळकी ओंडकी आणि सुटलेले दगड खरोखरच अंगावर येतात. काम करायचं ते रात्री उशिरा आणि पहाटे, वारा पडलेला आणि हवेत थोडा ओलावा असताना. सकाळी सगळं विझलं म्हणून माणसं उतरतात, आणि दुपारी एखादं पोकळ ठुंठ, जे आतल्या आत धुमसत होतं, कलतं आणि नाल्यापलीकडे ठिणगी टाकतं. विझवण्याइतकंच महत्त्वाचं असतं ते नंतर राखण करणं. ती राखण करणारी माणसं जवळच्या पाड्यावरचीच असतात, पावरा, बारेला, भिल्ल, तडवी.

आता उपग्रहाची सूचना थेट मोबाइलवर येते. भारतीय वन सर्वेक्षण ही सेवा चालवतं आणि तिचा फायदा मी पाहिला आहे. मात्र त्यातला एक ठिपका ३७५ मीटर बाजूच्या चौकोनाचा असतो. आग घाटाच्या अलीकडे आहे की पलीकडे, कुठल्या नाल्यानं चढता येईल, हे त्याच डोंगरात गुरं चारणारा सांगतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम ७९ त्याच्यावर हे बंधनच घालतं. जंगलात हक्क असेल तर आगीची खबर द्या, विझवायला या, नाही आलात तर शिक्षा. जबाबदारी लिहून ठेवली. निर्णयात वाटा मात्र कुठे लिहिला नाही.

आग दिसली की ती विझवायचीच, या विचाराची मुळं याच सातपुड्यात आहेत. १८६० च्या दशकात होशंगाबादजवळच्या बोरी जंगलात कर्नल पिअरसन यांनी आग पूर्ण बंद ठेवण्याचा प्रयोग केला. तेव्हा हे कोणाला शक्य वाटत नव्हतं. जमलं, म्हणून तेच धोरण देशभर गेलं. पुढे ब्रह्मदेशातल्या ओलसर जंगलात सागाची आणि आसाम-बंगालात सालाची रोपं आगीवाचून वर येईनात, हे इंग्रज वनाधिकाऱ्यांनाच दिसलं. अमेरिकेनं याची किंमत जास्त मोजली. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानाकडे दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळलं. त्या धसक्यातून पुढे १९३५ साली नियम निघाला, दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. विझत गेली, पाचोळा साठत गेला, आणि १९७० च्या दशकात तो नियम सोडून द्यावा लागला. उत्तर ऑस्ट्रेलियात आर्न्हेम लँडचे मूळ रहिवासी आज कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच थोडं थोडं गवत जाळतात, म्हणजे शेवटी मोठी आग लागत नाही. त्या कामाचे त्यांना पैसे मिळतात.

याचा अर्थ आपणही मोकळेपणानं जंगल पेटवावं असा कोणी काढू नये. आमचं जंगल कोरडं आहे आणि एकाच उतारावर वर्षामागून वर्षं आग फिरली की काय होतं ते मी पाहिलंय. मोठा साग तगतो. रोप जमिनीपर्यंत जळतं, पावसात मुळातून फुटतं, पुन्हा जळतं, आणि वर्षानुवर्षं कमरेएवढंच राहतं. त्याच्या जागी कुसळी गवत माजतं, जे पुढच्या वर्षी आणखी जोरात जळतं. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांतली आग मातीचंही नुकसान करते. केळीवाल्यांनी हे ऐकावं. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे, तिथून पाणी खोल मुरतं आणि रावेर-यावलच्या विहिरींना येतं. वरचा उतार उघडा पडला की पहिल्या पावसाचं पाणी गाळ घेऊन तापीत जातं. कूपनलिका आणखी खोल नेण्यात पैसे घालणाऱ्या आमच्या बागायतदारांना डोंगरावरच्या पाचोळ्याशी आपला संबंध आहे असं वाटत नाही, याचं मला फार दुःख आहे.

मग करायचं काय? धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात उत्तराचा निम्मा भाग आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे ११०० एकर जंगल स्वतःचे नियम करून, दंड लावून राखलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या दृष्टीनं त्यातली मोठी गोष्ट अशी, की नियम गावानं केले, म्हणून ते पाळले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिला आहे. आगीचं नियोजन त्याच हक्कात बसतं.

आज जाळरेषांचा, म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यांचा, कार्यक्रम रेंज कार्यालयात ठरतो. तो डिसेंबरात पाड्यावर बसून ठरवावा, आणि त्या बैठकीत मोह वेचणाऱ्या बाया असाव्यात, कारण कुठल्या झाडाखाली पान पेटतं ते त्यांनाच माहीत असतं. मोहाखाली पान जाळतात ते पहाटे पडलेलं फूल दिसावं म्हणून. ज्यांना झाडाखाली बांधायला जाळी मिळेल त्या कशाला काडी ओढतील? जिथे जाळी पुरणार नाही तिथे आळं झाडून, गार सकाळी, माणूस उभा करून जाळू द्यावं. जाळरेषा होळीच्या तोंडावर भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी जाळून झाल्या पाहिजेत. पायथ्याच्या शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या आणि बांध पेटवायचा दिवस ग्रामसभेला कळवून ठरवावा.

आणि हंगामी अग्निरक्षकांचं बघा. २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या वणव्यात २३ जण गेले, २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनकर्मचारीच होरपळले. आमच्याकडचा पोरगा चपला घालून, तोंडाला गमछा बांधून आगीत उतरतो. त्याला बूट, सुती जाड कपडे, विमा आणि महिना संपताच हातात मजुरी मिळायला हवी. ज्या गावच्या हद्दीत मे महिन्यात आग कमी लागेल त्या ग्रामसभेला वेगळा निधी द्यावा. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीत जळगाव आणि धुळ्याच्या पालकमंत्र्यांनी एवढा विषय घ्यावा, आणि तरतूद फेब्रुवारीच्या आत पाड्यांपर्यंत पोचवावी.