कोपरगाव मतदारसंघाचा धडा

लोकसभेच्या मतदारसंघांच्या यादीत आज कोपरगावचे नाव सापडत नाही. १९५७ पासून २००९ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षे, नगर जिल्ह्याच्या उत्तर भागाने याच नावाने आपला प्रतिनिधी दिल्लीला पाठविला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील पुनर्रचना आयोगाचे आदेश २००८ साली अमलात आले आणि कोपरगावच्या जागी शिर्डी हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ अस्तित्वात आला. पुढे २०२४ मध्ये खुद्द जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले. नावे बदलतात, त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु या ५२ वर्षांत कोणाचा आवाज दिल्लीपर्यंत गेला आणि कोणाचा गोदावरी-प्रवरेच्या काठावरच विरला, याचा हिशेब मांडल्याखेरीज कार्यकर्त्यांनी हे प्रकरण मिटवून टाकू नये.

या मतदारसंघाचा आरंभ प्रस्थापितांच्या पराभवाने झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९५७ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या ऐन भरात झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निर्वाण होऊन जेमतेम काही महिने लोटले होते. त्या निवडणुकीत कोपरगावने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बापू चंद्रसेन कांबळे यांना लोकसभेत पाठविले, तर शेजारच्या अहमदनगर मतदारसंघातून र. के. खाडिलकर निवडून आले. जिल्ह्यातील दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. भाषिक राज्याची मागणी, शेतकऱ्याचे गाऱ्हाणे आणि दलित समाजाची अस्मिता या तीन धारा एकत्र आल्या म्हणजे काय घडते, याचे ते प्रात्यक्षिक होते.

ही एकजूट टिकली नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीला बांधून ठेवणारे सूत्र तुटले. रिपब्लिकन पक्षात फूट पडली. खाडिलकर पुढे काँग्रेसवासी झाले. १९६२ मध्ये कोपरगाव काँग्रेसच्या अण्णासाहेब शिंद्यांकडे गेले. अण्णासाहेब हे सामान्य पुढारी नव्हते. तरुणपणी डाव्या चळवळीत वावरलेले आणि पुढे केंद्रात कृषी खात्याचे राज्यमंत्री म्हणून हरित क्रांतीच्या धोरणाला हातभार लावणारे असे ते अभ्यासू गृहस्थ होते. विरोधकांची माणसे आणि विरोधकांचा कार्यक्रम पचविण्याची काँग्रेसची ताकद किती होती, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते.

परंतु व्यक्तींपेक्षा महत्त्वाचा आहे तो कारखाना. ब्रिटिश अमदानीत भंडारदरा आणि दारणा या धरणांचे पाणी कालव्यांतून आले आणि त्या पाण्यावर खासगी साखर कंपन्यांचे मळे उभे राहिले. अल्पभूधारकांच्या जमिनी खंडाने कंपन्यांकडे गेल्या. या कंपनीशाहीला उत्तर म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला. हे पाऊल निःसंशय पुरोगामी होते, आणि ते तसे न मानणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. पुढे मात्र सहकाराचे सभासदत्व ही राजकारणाची वतनदारी बनली. विठ्ठलरावांचे पुत्र बाळासाहेब विखे पाटील १९७१ पासून लागोपाठ पाच निवडणुका येथून जिंकले. १९७७ साली देशभर काँग्रेसचे गड कोसळत असताना कोपरगाव मात्र काँग्रेसकडेच राहिले. १९९१ मध्ये काँग्रेसचे शंकरराव काळे, १९९६ मध्ये भाजपचे भीमराव बडदे, १९९८ मध्ये काँग्रेसचे प्रसाद तनपुरे आले. १९९९ साली बाळासाहेब विखे शिवसेनेच्या तिकिटावर विजयी होऊन केंद्रात मंत्री झाले आणि २००४ साली तेच गृहस्थ काँग्रेसचे म्हणून पुन्हा निवडून आले. मतदार तोच, उमेदवार तोच, झेंडा तेवढा निराळा! यंत्रणा हातात असली म्हणजे पक्ष ही अंगरख्यासारखी वस्तू होते.

या यंत्रणेत न बसणाऱ्यांचे काय झाले? जमीनधारणा कायद्यानंतर कंपन्यांच्या जमिनी १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. ज्यांनी त्या मुळात खंडाने दिल्या होत्या ते खंडकरी शेतकरी मात्र दशकानुदशके मोर्चे काढीत राहिले. मतदारसंघ संपुष्टात आला तरी त्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता. निळवंडे धरणाची कथा याहून बोलकी आहे. प्रकल्पाला मंजुरी १९७० सालची. डाव्या कालव्याचे उद्घाटन झाले ते २०२३च्या ऑक्टोबरात. ज्या १८२ गावांसाठी हे पाणी होते, त्यांनी कोपरगाव मतदारसंघ जन्मास आलेला पाहिला, बुजविला गेलेलाही पाहिला. पाणी मात्र पाहिले नाही. आणि ऊसतोड मजूर? ज्या फडात तो थंडीत कोयता चालवितो, तेथील खासदाराला त्याचे मत नाही, कारण त्याचे नाव पाथर्डीच्या नाहीतर बीडच्या यादीत आहे. ज्याच्या घामावर कारखाना चालतो तो कारखान्याच्या मतदारसंघात नाहीच, ही आपल्या लोकशाहीची मोठी विसंगती होय.

शिर्डी राखीव झाल्याने हे चित्र पालटेल, असे काहींना वाटले. राखीव जागा हा दलित समाजाचा हक्क आहे, उपकार नव्हे. परंतु आरक्षणाने उमेदवाराची जात ठरते, त्याच्यामागची यंत्रणा ठरत नाही. २००९ साली काँग्रेस आघाडीच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले रामदास आठवले येथे शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे यांच्याकडून पराभूत झाले. १९५७ साली चळवळीच्या बळावर आंबेडकरी उमेदवार निवडून आला. ५२ वर्षांनी सत्ताधाऱ्यांच्या पाठिंब्यावर तो येऊ शकला नाही. या दोन निकालांमध्ये जे अंतर आहे, तेच आपल्या चळवळीच्या ऱ्हासाचे अंतर आहे.

स्कॉटलंडमध्ये मिड लॅनार्क नावाचा मतदारसंघ होता. १८८८च्या पोटनिवडणुकीत खाणकामगारांचा नेता कीर हार्डी तेथे स्वतंत्र मजूर उमेदवार म्हणून उभा राहिला. त्याला अवघी ६१७ मते पडली. त्याच वर्षी स्कॉटिश मजूर पक्षाची स्थापना झाली आणि १८९२ मध्ये हार्डी लंडनमधील एका मतदारसंघातून संसदेत गेला. मिड लॅनार्क १९१८ साली नकाशावरून नाहीसे झाले, पण त्या पराभवातून उभी राहिलेली संघटना पुढे देशाच्या सत्तेपर्यंत पोहोचली. कोपरगावचे नेमके उलट झाले. येथे विजय मिळाला, पण त्यामागे टिकाऊ संघटना उभी राहिली नाही.

जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविलेली आहे. त्यानंतर पुन्हा नकाशे निघतील, पुन्हा रेघा ओढल्या जातील. आयोगाचा अंतिम आदेश न्यायालयात बदलून मिळत नाही. मसुदा प्रसिद्ध झाल्यावरच्या जाहीर सुनावण्या हीच काय ती संधी. मागील खेपेस अशा सुनावण्यांना आपल्यापैकी किती जण गेले होते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. एकाच कालव्याची गावे कोठे तुटतात, मजुरांच्या वस्त्या कोणत्या यादीत पडतात, याची टिपणे तालुक्या-तालुक्यांतून आतापासून तयार झाली पाहिजेत. मात्र रेघ कोठेही पडली, तरी तिच्या आत राहणारा खंडकरी, मजूर आणि कोरडवाहू शेतकरी संघटित नसेल, तर नवा मतदारसंघ जुन्याच मालकांचा राहील. कोपरगावने शिकविलेला हा धडा विसरता कामा नये.