घसारा न लावलेली गाडी

आमच्या मालेगावच्या शाखेत डबा खाताना कुणी जपानी गाडीचं कौतुक केलं, की हेडकॅशियर हातातली पोळी खाली ठेवतात. "गाडी म्हणजे फियाट! बाकी सगळे पत्र्याचे डबे." मग त्यांच्या मामांची पद्मिनी कसारा घाट चढताना एकदाही कशी तापली नाही, ते आम्ही ऐकतो. (दहा वर्षांपूर्वी ती दोनदा तापायची. आठवणीत गाडी सुधारत चालली आहे.)

मी कॉमर्सचा माणूस. वस्तू जुनी झाली की घसारा लावायचा, एवढं मला पक्कं शिकवलंय. आठवणींना मात्र कुणी घसारा लावत नाही. तेव्हा आज मीच वही उघडतो.

जपानात निस्सानने 1968 साली लॉरेल नावाची मधल्या आकाराची, जराशी ऐटबाज सेडान काढली. 2002 मध्ये ती बंद झाली तोवर तिच्या आठ पिढ्या झाल्या होत्या. आमच्या कुर्ल्याच्या प्रीमियरने 1964 साली फियाट 1100 डिलाइट काढली. पुढे तिची प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत तीच चालली. नावं तीन, पिढी एक! लग्नात मुलीचं नाव बदलतात, पण मुलगी तीच असते, तसं.

बरं, बदलणार कशाला? लायसन्सचा जमाना, स्पर्धा नाही, गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं उभं. दुकानापुढची रांगच हटत नसेल, तर दुकानदार फळीवरची धूळ तरी कशाला झटकेल?

मग 1985 साली प्रीमियरची '118 एनई' आली. अंग फियाट 124 चं, जी युरोपात 1966 सालीच रस्त्यावर आली होती. पोटात निस्सानचं 1171 सीसीचं इंजिन, जे जपानात 1970 पासून सनी गाडीत धावत होतं. एनई म्हणजे निस्सान इंजिन. नावातच कबुलीजबाब! एकोणीस वर्षांचं शिळं अंग, पंधरा वर्षांचं इंजिन, आणि आम्ही तिला 'लक्झरी' म्हणत होतो. गावातले एक डॉक्टर ती घेऊन निघाले की आम्ही पोरं मागे धावायचो. मीही धावलोय. माझा खरा राग त्या धावण्यावर आहे.

कुर्ल्याच्या कामगाराच्या हातात कसब नव्हतं, असं कुणी म्हणू नये. त्याच्या हातात नवा नकाशाच कुणी दिला नाही.

आमच्या मालेगावातही जुनी यंत्रं कमी नाहीत. पण मागवाल्याला विचारा. तो सरळ सांगेल, "माग जुना आहे साहेब, परवडतो म्हणून चालवतो." त्याला तो वारसा म्हणत नाही, आणि कर्ज मागायला आला की मागाची किंमतही जुन्याचीच लावतो. हा प्रामाणिकपणा मोटारीच्या भक्तांत का नसावा?

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, त्या दिवशी हेडकॅशियरांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी ते मला स्वतःच्या गाडीतून मोसम पुलापर्यंत सोडायला आले. गाडी मारुती सुझुकीची.

"साहेब, ही पण जपानीच की!"

"अहो," गिअर टाकत ते म्हणाले, "रोजच्याला चालणारी गाडी नको का?"