आजोबांचें नांव

हजेरीच्या वेळीं एखादें धोंडो किंवा दगडू असें नांव पुकारलें कीं मागच्या बाकांवर हंशा पिकतो, हें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. हीं नांवें ज्या घरांत प्रथम ठेविलीं गेलीं, तेथें बहुधा आधींचीं मुलें दगावलेलीं असत. दगडावर काळाची दृष्टि जाणार नाहीं, या आशेनें आईबाप पुढच्या मुलास असें नांव देत. यांत भोळेपणा असेल. पण माया केवढी! स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचणाऱ्या कर्व्यांचें नांवही धोंडोच होतें.

नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा नातू बाळाजी बाजीराव. १६८२ सालीं जन्मलेल्या शाहूमहाराजांचें मूळ नांव शिवाजी, म्हणजे आजोबांचेंच. मौज अशी कीं, सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाहीं. म्हणून अशा नातवास घरीं बाळ, नाना अशीच हांक मिळे, आणि शाळेंत आपलें खरें नांव ऐकून तो पोर बावरून जाई!

बाप्तिस्म्यानें वाडवडिलांचें नांव सुटतें, असें कित्येकांस वाटतें. रेव्हरंड टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. ते नारायण वामनच राहिले.

पालकांनीं नव्या बाळास हवें तें नांव द्यावें; त्यांत आमची ढवळाढवळ नाहीं. परंतु ज्याच्याकडे जुनें नांव आलें आहे, त्यास तें कोणाचें व कां ठेविलें, एवढें घरीं अवश्य सांगावें. ‘हजर’ म्हणतांना त्याचा आवाज कसा दबतो, हें आम्ही रोज ऐकतों.