पुसलें तें मिटलें काय?

हस्तलिखित पोथींत चुकीचें अक्षर पडलें म्हणजे लेखक त्यावर पिवळा हरताळ फांशीत व त्यावर शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फांसणें’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. गेल्या महिन्यांत निराळ्याच निमित्तानें मला त्याची आठवण झाली.

आमच्या दुसरबीडच्या घरांतील जुना संगणक भंगारांत द्यावयाचा होता. त्यांतील सर्व कागदपत्रें मीं स्वतः पुसलीं होतीं. सुटींत आलेली नात म्हणाली, “आजोबा, देण्यापूर्वीं एकदां पाहूं द्या.” तिनें आंतील हार्ड डिस्क काढून आपल्या संगणकास जोडली. सायंकाळपर्यंत मुलींच्या पत्रिका, सूनबाईंचे इस्पितळांतील अहवाल, सर्वांचीं आधारपत्रें एकामागून एक पडद्यावर आलीं! त्यांतच वाटणीच्या वादाच्या वेळीं धाकट्या भावास लिहिलेलें, व सकाळीं न पाठवितां पुसलेलें माझें एक पत्र होतें. भाऊ शेजारींच चहा घेत बसला होता. नातीनें तें झटकन् बंद केलें. त्यानें तें वाचलें कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं.

असें कां व्हावें? ‘पुसून टाक’ म्हटलें म्हणजे संगणक अनुक्रमणिकेंतील ओळ तेवढी काढतो. ग्रंथाचीं पानें जागच्या जागींच राहतात. त्यांवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत तीं वाचतां येतात. अमेरिकेंतील एम.आय.टी.च्या दोघां संशोधकांनीं १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या व २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू असलेल्या १२९ पैकीं अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या.

तेव्हां प्रथम हवें तें दुसरीकडे उतरवून घ्यावें व तें उघडतें कीं नाहीं, हें पाहावें. मग डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून, ती तीच आहे अशी खात्री करून, तिच्यावर सर्वत्र शून्यें लिहवावीं. विंडोजमध्यें ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास हें काम होतें. त्यास कांहीं तास लागतात. पण फिरत्या तबकडीच्या आधुनिक डिस्कला हा हरताळ एकदांच फांसणें पुरतें. एस.एस.डी.ची गोष्ट वेगळी. ती मजकूर आंतल्या आंत हलविते. तिला निर्मात्यानें दिलेली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञाच द्यावी. बिघडलेल्या डिस्कच्या तबकड्या मोडाव्या. कांहीं कांचेच्या असतात, म्हणून डोळे सांभाळावे. नंतर ती ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी.

एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यापाशीं साऱ्यांचे कागद ठेव म्हणून येतात. सोन्याची ठेव आपण उघड्यावर टाकीत नाहीं. मग सुनेचा आजार आणि मुलीची पत्रिका भंगाराच्या पोत्यांत कशी टाकावी?

त्या रात्रीं डिस्कवर शून्यें लिहिलीं जात असतां भाऊ मजजवळ येऊन बसला. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्यानें विचारलें, “दादा, आतां कांहीं राहिलें तर नाहीं ना?”

मीं म्हटलें, “नाहीं.”