परदेशी शिष्यवृत्ती आणि विषयनिवडीचा अधिकार

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. म्हणजे ती शिष्यवृत्ती लोकसेवेसाठीच होती. तिच्या आधारे बाबासाहेबांनी अर्थशास्त्र तर अभ्यासलेच. शिवाय मे १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा असून त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. २०२२ मध्ये तिचे नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास तसेच भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. या विषयांची साधने देशातच विपुल आहेत, असे कारण पुढे करण्यात आले. इतिहासाच्या शिक्षकाला ते पटणे कठीण आहे. साधने येथे आहेतच. परंतु मार्गदर्शकाची जात मनात न आणता प्रश्न विचारण्याची मोकळीकही संशोधनाला लागते. हाच नियम त्या काळी असता, तर जातिसंस्थेवर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली नसती.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच बोचते. सावदा-रावेर परिसरात केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या आईची मुलगी उद्या गटविकास अधिकारी झाली, तर तिच्या टेबलावर काय येईल? स्त्री-पुरुषांच्या मजुरीतला फरक, वस्तीचा पाणवठा, स्मशानभूमीचा वाद, सातवीनंतर शाळा सुटलेल्या मुली. लोकप्रशासन शिक, पण तुझ्या समाजाचा अभ्यास परदेशी करू नकोस, असे तिला सांगणे म्हणजे हातात कुलूप देऊन किल्ली काढून घेणे होय.

आफ्रिकेतील एक उदाहरण आपल्या पालकांना ठाऊक असावे. लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ यांनी १९७१ मध्ये हार्वर्डमधून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे त्या अर्थमंत्री झाल्या आणि २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष. आफ्रिका खंडात निवडणुकीने त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

दोष केवळ शासनाचा नाही. आपल्या घरांतही हुशार मुलगी म्हटली की डॉक्टर किंवा इंजिनिअर, यापलीकडे बोलणे जात नाही. केंद्राच्या योजनेत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. पुरेशा मुली न मिळाल्यास त्या मुलांना दिल्या जातात. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती हे दुसरे दार आहे.

नियम बदलावा म्हणून निवेदने द्यावीतच. परंतु कायदा, सार्वजनिक धोरण, लोकप्रशासन यांसाठी अर्ज करणाऱ्या मुलींनी पासपोर्ट, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला पदवीच्या शेवटच्या वर्षीच काढून ठेवावा. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र कसे मिळवायचे, हे ज्या माजी विद्यार्थ्यांना माहीत आहे, त्यांनी वर्षातून एक रविवार वसतिगृहातील मुलींसाठी राखून ठेवावा.